तिथली शेवटची बस किती वाजता?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात "पोराला बाहेर पाठवायचं का?" ही चर्चा सुरू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी अशा एखाद्या घरापर्यंत पोचवा.

मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनातून बाहेर पडलात की परदेशी शिक्षणाच्या जाहिराती दिसतातच. फलक, रिक्षाच्या मागचं पोस्टर, वर्तमानपत्रातून पडणारं पत्रक. त्यावर चित्रं ठरलेली. लंडनचं घड्याळ, पॅरिसचा मनोरा, न्यूयॉर्कची देवी. आणि कोट घातलेली हसरी मुलं. यातल्या एकाही फलकावर मी आजवर कुरणात चरणारी मेंढी पाहिली नाही. खरं म्हणजे ती असायला हवी. कारण आपली बरीच मुलं जातात ती मेंढीच्या शेजारी.

गंमत नाही करत. इंग्लंडमधलं क्रॅनफिल्ड विद्यापीठ घ्या. इंजिनिअरिंग आणि विमानशास्त्रात मोठं नाव, फक्त पदवीनंतरचं शिक्षण, स्वतःची धावपट्टी. पण क्रॅनफिल्ड हे बेडफर्डशायरमधलं एक खेडं आहे. हार्पर ॲडम्स हे शेतीचं विद्यापीठ श्रॉपशायरच्या शेतांमध्ये आहे. जर्मनीतलं क्लाउस्थाल हे तंत्रविद्यापीठ हार्झच्या डोंगरात, जुन्या खाणींच्या गावात आहे. शेतीशास्त्रात जगात वरच्या नंबरावर असलेलं नेदरलँड्सचं वाखेनिंगेनही एका लहान गावातच. ही सगळी उत्तम विद्यापीठं आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. तक्रार ही आहे की पाठवणाऱ्या आईबापाला आणि जाणाऱ्या पोराला आपण खेड्यात चाललोय हे माहीत नसतं. ते कळतं पहिल्या दिवशी, हातात दोन बॅगा असताना.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या मुलांना परदेश फारसा नवा राहिलेला नाही. तिकडची भाषा, मालिका, खाणं, ब्रँड सगळं मोबाईलवर पाहून झालंय. त्यांना नवं असतं ते गाव. आणि गावात पहिल्या दिवशी कसं उतरायचं हे त्यांच्या आईबापांना, आजीआजोबांना पक्कं ठाऊक असतं. पण परदेश म्हटलं की हीच माणसं गप्प बसतात. "आपल्याला त्यातलं काय कळतंय" म्हणतात आणि सगळा निर्णय एजंटच्या टेबलावर सोडून देतात. हे गप्प बसणं महाग पडतंय.

मला हे का दिसतं ते सांगतो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सभासदाला शिक्षणाच्या कर्जासाठी फ्लॅट तारण ठेवायचा असेल तर बँक सोसायटीची एनओसी मागते. त्या कागदावर माझी सही असते. साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी बँका तारणाशिवाय देतात, त्यावर गेलं की बहुतेक वेळा तारण लागतं. परदेशी मास्टर्सचा खर्च त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणजे पोराच्या विमानाच्या तिकिटामागे आईबापाचं वन-बीएचके उभं असतं. नवरा-बायकोने वीस वर्षं लोकलला लटकून फेडलेलं घर.

त्यात आपल्या शहराची आणखी एक अडचण. २८ फेब्रुवारी २००२ ला मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. त्याआधी नगरपालिका, त्याच्याही आधी ग्रामपंचायती. त्या काळातल्या किती इमारतींना ओसी नाही, किती सोसायट्यांचं कन्व्हेयन्स रखडलंय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कागद पूर्ण नसले की सरकारी बँक हात वर करते. मग माणूस खासगी वित्त कंपनीकडे जातो, तिथे व्याज जास्त. आणि व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढायला लागतं. हप्ता पुढे सुरू होतो, मीटर आधी सुरू होतं.

आता एका घराची गोष्ट. नावं, देश, विद्यापीठ काही सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण अशी घरं प्रत्येक चार इमारतींत एक आहे. मुलगा हुशार, स्वभावाने शांत. नवघर रोडला जन्म, शाळा चालत पाच मिनिटांवर, कॉलेज लोकलने. एजंटने सांगितलं होतं, "मोठ्या शहरापासून दीड तास फक्त." दीड तास म्हणजे आपल्याला काय वाटतं? विरार ते चर्चगेट. रोजचंच की. घरात कोणी पुढे विचारलंच नाही की दीड तास कशाने? आणि किती वाजेपर्यंत?

शनिवारी विमान उतरलं. इमिग्रेशनची रांग, मग ट्रेन, मग दुसरी ट्रेन. त्या छोट्या स्टेशनवर उतरला तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्टेशनवर कर्मचारी नाही, चहावाला नाही, रिक्षा तर नाहीच. गावाकडे जाणारी शेवटची बस गेलेली. पुढची सोमवारी, कारण रविवारी त्या मार्गावर बसच नाही. फोनमध्ये आपलं सिम, रोमिंग चालेना. टॅक्सी मिळाली तिचे पैसे ऐकून त्याने मनातल्या मनात रुपये केले आणि पोटात गोळा आला. खोलीची चावी ज्या ऑफिसात मिळणार होती ते शुक्रवारी संध्याकाळी बंद झालेलं. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला दया आली, त्याने कॉमन रूम उघडून दिली. पोराने पहिली रात्र सोफ्यावर काढली. रविवारी गावातलं एकमेव दुकान दुपारी बंद झालं, याला ते कळेपर्यंत उशीर झाला होता. दोन दिवस घरच्या चकल्या आणि शेंगदाण्याची चटणी.

घरी फोन केला तेव्हा म्हणाला, "सगळं मस्त आहे, आई."

आई मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, तो मस्त म्हणाला खरं. पण त्याच्या मागून एकसुद्धा आवाज येत नव्हता हो. ना गाडीचा, ना माणसाचा. मला धस्स झालं."

आपल्या गर्दीतल्या आईचं कान असंच असतं. २०११ च्या जनगणनेत या शहरात ८ लाख ९ हजार माणसं मोजली गेली, आज किती असतील कोण जाणे. आपल्या पोरांनी शांतता फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकलेली असते. रात्री बारा वाजता वडापाव मिळतो, औषधाचं दुकान उघडं असतं, रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून वाद घालायला माणूस असतो. असं पोर एकदम अशा जागी जातं जिथे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, आणि शेजारचं घर दोन शेतं ओलांडून. तो हादरणारच. तो कमकुवत आहे म्हणून नाही. त्याला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून.

आता काही जण म्हणतील, "पूर्वीची माणसं बोटीने जायची, तेव्हा कुठे गूगल मॅप होता? आत्ताच्या पोरांचे फार लाड." हा युक्तिवाद मला नेहमी ऐकायला मिळतो. म्हणून पूर्वीच्याच एका माणसाकडे जाऊ. आपल्याच जिल्ह्यातल्या.

आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा सोबत नाही. अमेरिकेत जाऊन डॉक्टर होणारी हिंदू बाई तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती. आपल्या सगळ्यांना हे शाळेपासून माहीत आहे. पण त्यांचा पहिला दिवस कसा गेला, हे आपण फारसं सांगत नाही.

बंदरावर त्यांना घ्यायला एक बाई आल्या होत्या. थिओडिशिया कार्पेंटर. न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या छोट्या गावात राहणाऱ्या. या दोघींची ओळख कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. गोपाळराव जोशींनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते, धर्म बदला असा सल्ला जोडून, प्रिन्स्टनहून निघणाऱ्या मासिकात छापलं. ते मासिक कार्पेंटरबाईंच्या हाती पडलं दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. मग उत्तर, मग पुन्हा पत्र. बोट सुटण्याआधी काही वर्षं हा पत्रव्यवहार चालला होता. आनंदीबाई त्यांना मावशी मानत होत्या. त्यामुळे बोटीतून उतरलेली मुलगी परक्या देशात आली होती, पण परक्या दारात गेली नाही.

बंदरावरून त्या थेट कॉलेजात गेल्या नाहीत. गेल्या रोझेलला. तो उन्हाळा त्यांनी कार्पेंटर कुटुंबात काढला आणि मग फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या गावाबद्दल एक छान गोष्ट आहे. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने रोझेलमध्ये खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. म्हणजे आपली कल्याणची मुलगी ज्या खेड्यात उतरली ते विजेच्या बाबतीत तेव्हाच्या मुंबईच्या पुढे होतं. खेडं म्हणजे मागास, हे समीकरण तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही नाही.

पुढचं सगळं माहीत आहे. फिलाडेल्फियाची थंडी, आजारपण, तरीही ११ मार्च १८८६ ला पदवी. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूक. परत आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. एका मासिकातल्या पत्रापासून सुरू झालेलं नातं तिथपर्यंत गेलं.

तेव्हा "पूर्वीची माणसं एकटी जायची" हे म्हणताना जरा थांबा. सगळ्यात धाडसी म्हणून ज्यांचं नाव घेतो, त्यांच्याकडे १८८३ साली जे होतं ते आज आपल्या कित्येक पोरांकडे नाही. उतरल्यावर समोर उभं असलेलं एक ओळखीचं माणूस. आज व्हॉट्सॲप आहे, व्हिडिओ कॉल आहे, आणि तरीही त्या ओसाड स्टेशनवर पोरगं एकटं. कारण आधीची काही वर्षं कोणी पत्रं लिहिली नाहीत. एजंटशी बोललो, विद्यापीठाच्या पोर्टलशी बोललो, बँकेशी बोललो. त्या गावाशी बोललोच नाही.

दुसरं उदाहरण, ज्याला शेतीसाठी गावातच जायचं होतं त्याचं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. क्रांतीच्या ओढीने घर सोडलं, जपानमार्गे अमेरिकेला पोचले, पडेल ते काम करत ऑरेगॉन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात शिकले. गदर चळवळीत होते. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं. डिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. या माणसाचं परदेश म्हणजे बरंचसं शेत, गोठा आणि प्रयोगशाळा. आपल्या विदर्भातल्या शेतीची नाळ त्याला ठाऊक होती, म्हणून परक्या मातीतही त्याचे पाय टिकले. गाव वाईट नसतं. गाव ओळखता यावं लागतं.

म्हणूनच मला वाटतं, ही विद्या आपल्या घरातच आहे. आपण मीरा-भाईंदरकर मुळात आलो कुठून? कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी खानदेशातून. आणि आपले उत्तन, चौक, पालीचे लोक तर अजूनही एका अर्थाने गावातच राहतात. आपल्या पिढीला लग्नासाठी परक्या गावी जायचं असलं की बॅग भरायच्या आधी आपण काय विचारायचो? शेवटची एसटी किती वाजता? फाट्यावर उतरलं की पुढे किती चालायचं? न्यायला कोण येणार? मुक्काम कोणाकडे? बाजार कोणत्या वारी भरतो? दवाखाना कुठे? साध्या रत्नागिरीच्या एका वाडीत जाताना आपण इतके प्रश्न विचारतो. आणि घर तारण ठेवून सात हजार किलोमीटरवरच्या वाडीत पोरगं पाठवताना एकही विचारत नाही!

हे प्रश्न गावंढळ नाहीत, नेमके आहेत. एकेक करून बघू.

शेवटची बस. खेड्यातल्या विद्यापीठाची बस संध्याकाळी लवकर संपते, रविवारी कधीकधी नसतेच. म्हणून विमानाचं तिकीट काढताना स्वस्त कुठलं हे नंतर, तिथे सोमवार ते गुरुवार सकाळी पोचवणारं कुठलं हे आधी. तिकिटात वाचवलेले चार हजार एका टॅक्सीत जातात.

बाजाराचा वार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडता येतं. शनिवारी रात्री पोचलेल्या पोराला हे माहीत असलं पाहिजे.

हातातला पैसा. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ मिळतात. पण ते मिळायला तिथलं बँक खातं चालू व्हावं लागतं, खात्याला बहुतेक वेळा पत्ता लागतो, पत्त्याची नोंद गावच्या कचेरीत करावी लागते आणि तिची वेळ आधी घ्यावी लागते. म्हणजे पैसे आपलेच, पण पहिले काही आठवडे हाताला लागत नाहीत. तेवढ्या दिवसांची सोय खिशात हवी.

काम. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. एजंट म्हणतो, "आठवड्याला वीस तास काम करता येतं, खर्च निघून जातो." ब्रिटनमध्ये पदवी आणि मास्टर्सच्या मुलांना सत्र चालू असताना वीस तासांची मुभा आहे हे खरं. पण ती मर्यादा आहे, हमी नाही. गावात एक पब, एक दुकान आणि चार शेतं असतील तर तीनशे विद्यार्थ्यांनी वीस तास काम करायचं कुठे? खुद्द ब्रिटिश व्हिसाचे नियमही तिथे मिळणारी मजुरी खर्चाच्या हिशेबात धरू देत नाहीत, पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. तिथलं सरकार जे धरत नाही ते आपण आपल्या कर्जफेडीत धरतो.

आणि न्यायला कोण येणार. हा प्रश्न सगळ्यात शेवटी लिहिलाय, पण विचारायचा सगळ्यात आधी. बऱ्याच विद्यापीठांत नवीन मुलांना विमानतळावरून आणायची गाडी असते, पण ठरावीक तारखांना आणि आधी नाव नोंदवलं तर. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांचा गट असतो. महाराष्ट्र मंडळं बहुतेक मोठ्या शहरांत असतात, गावात नसतात, पण त्यांना एक मेल केला तर जवळ राहणारं कोणी सापडू शकतं. हे सगळं इथे बसून, फुकटात करता येतं. फक्त जायच्या आदल्या रात्री नाही, दोन-तीन महिने आधी.

आता एक दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. गाव स्वस्त असतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी खात्यात जो दरमहा खर्च दाखवावा लागतो, तो लंडनसाठी जास्त आणि लंडनबाहेर कमी असतो. २०२५ च्या जानेवारीपासून तो लंडनला १,४८३ पौंड आणि बाहेर १,१३६ झाला, पुढे दोन्ही वाढले, पण फरक राहिलाच. गावात वर्ग लहान असू शकतो, प्राध्यापक नावाने ओळखतात, अभ्यासातून लक्ष उडवणारं काही नसतं. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाचंही अभ्यासात उत्तम चाललंय. गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बागेत शनिवारी काम करतो, त्यांच्याशी चांगली ओळख झालीय. आईच्या फोनमध्ये आता मागून कुत्र्याचं भुंकणं तरी ऐकू येतं. पण पार्ट-टाइमच्या भरवशावर मांडलेला हिशेब कोलमडला तो कोलमडलाच. वडील निवृत्तीनंतर पुन्हा नोकरीला लागलेत. तेव्हा "जाऊ नका" असं मी म्हणत नाहीये. डोळे उघडे ठेवून जा, एवढंच.

आता सार्वजनिक भाग, कारण सगळं आईबापांवर ढकलून चालणार नाही.

एक, एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. विद्यार्थी पाठवणारा त्या कायद्यात बसत नाही. पंजाबने आपल्याकडच्या अनुभवातून शहाणं होऊन कन्सल्टंट आणि आयईएलटीएस क्लाससाठी परवान्याचा कायदा केला. महाराष्ट्राने त्या धर्तीवर काहीतरी करायला हवं. निदान एवढं तरी, की प्रत्येक एजंटने लेखी द्यावं: कॅम्पसच्या गावाचं नाव, जवळच्या मोठ्या शहरापासून अंतर आणि प्रवासाचं साधन, राहण्याचा अंदाजे खर्च, आणि त्या विद्यापीठाकडून आपल्याला कमिशन मिळतं की नाही. एका पानाचा कागद. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला याचा त्रास व्हायचं कारण नाही.

दोन, सरकारी शिष्यवृत्ती. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीचे दरवर्षी ७५ विद्यार्थी बाहेर जातात. फार मोलाची योजना. पण हप्ते उशिरा आल्याच्या तक्रारी मुलांनी वेळोवेळी जाहीरपणे केल्यात. ज्याच्या घरातून कोणी पैसे पाठवू शकत नाही, त्याच्यासाठी पहिला दिवस आणि पहिला महिना हाच जीवनमरणाचा असतो. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता विमानात बसण्याआधी खात्यात पडला पाहिजे. नंतर भरपाई करून भूक भागत नाही.

तीन, आपली महापालिका आणि आपले नगरसेवक. दहावी-बारावीचे गुणवंत सत्कार दरवर्षी होतात. हार, शाल, ट्रॉफी, फोटो. चांगलं आहे. त्याच मांडवात एक दुपार अजून काढा. मे-जूनमध्ये, सप्टेंबरच्या प्रवेशाआधी. बाहेर शिकून आलेल्या आणि सुट्टीवर आलेल्या आपल्या शहरातल्या मुलांना बोलवा, जाणाऱ्यांना समोर बसवा. भाषणं नकोत. कोण कुठल्या गावात होतं, तिथे आत्ता कोण आहे, एवढी एक वही करा. ज्याला परवानगी असेल त्याचंच नाव. पालिकेच्या वाचनालयात ती वही ठेवा. खर्च चहाबिस्किटांचा. आनंदीबाईंना मावशी मिळाली ती एका मासिकाच्या पानावरून, योगायोगाने. आपण योगायोगावर का विसंबायचं? आठ-नऊ लाखांच्या शहरात कुठल्याही गावात कोणाचं तरी कोणीतरी निघतंच.

आणि चार, आपल्या सोसायट्या. तारणाची एनओसी या कारणासाठी अडवायचा मला अधिकार नाही आणि अडवणारही नाही. पण सही करण्याआधी एक कप चहा पाजून पाच प्रश्न विचारायचा अधिकार शेजारी म्हणून आहे. तो मी आता वापरतो. मागच्या महिन्यात एका वडिलांना विचारलं, "कॅम्पस कुठल्या गावात आहे?" ते म्हणाले, "इंग्लंड." मी म्हटलं, "अहो, तुम्ही मला तुमचं गाव विचारलं तर मी महाराष्ट्र सांगेन का?" दोघंही हसलो. मग नकाशा उघडून बसलो. तासाभरात गावाचं नाव, स्टेशन, बसचं वेळापत्रक, चावी मिळायचे वार सगळं निघालं. त्यांनी तिकीट रविवारवरून मंगळवारवर घेतलं. आजोबा शेजारी बसले होते, आयुष्यभर राजापूरकडच्या गावात राहिलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाऊस लागला तर आडोसा कुठे?" आमच्या कोणाच्याच डोक्यात तो आला नव्हता. शोधलं तर स्टेशनपासून बसथांब्यापर्यंत वाट उघडी होती. पोराच्या हातातल्या बॅगेत रेनकोट वर आला.

तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या चर्चेत बसवा. त्यांना इंग्रजी येत नसेल, गाव येतं.

कमेंटमध्ये एक काम करा. तुमचं किंवा ओळखीतलं कोणी बाहेर लहान गावात शिकत असेल तर देश आणि गावाचं नाव लिहा, आणि तिथली शेवटची बस किती वाजता असते ते लिहा. मुलांची नावं, नंबर टाकू नका, ते इनबॉक्समध्ये बघू. पालिकेने वही करेपर्यंत आपली वही इथूनच सुरू करू.